‘दमलो’ म्हणण्याची मुभा

क्रिकेटमधील सुरक्षितता म्हटली की हेल्मेट, पॅड आणि चेंडूचा मार एवढेच डोळ्यांसमोर येते. हेल्मेट हवेच, पण चंद्रपूर आणि गडचिरोलीत उन्हाचा धोकाही तितकाच मोठा आहे. मुलांची शिबिरे आणि स्पर्धा भरतात त्या नेमक्या उन्हाळ्याच्या सुटीत. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवे नाही. गडचिरोलीच्या गावांत तर धान निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या बांधीतच खेळपट्टी तयार होते. तिथे ना सावली, ना नळ.

धावताना स्नायूंत उष्णता तयार होते. घाम वाळला की ती बाहेर पडते. शरीरातले पाणी कमी झाले की ही व्यवस्था कोलमडते. ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर तो उष्माघात समजावा. खेळताना होणाऱ्या उष्माघातात घाम सुरूही असू शकतो. त्यामुळे ‘घाम येतोय, म्हणजे ठीक आहे’ हा समज घातक ठरतो.

या भागात दुसरी जोखीम रक्तातली आहे. येथील आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडले, अतिश्रम झाले की तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. वाहक मुले एरवी ठणठणीत असतात. मात्र उन्हात न थांबता जोरदार धावल्यास क्वचित त्यांचेही स्नायू झपाट्याने खराब होतात. पेटका आलेला मुलगा कळवळतो, त्याचा स्नायू दगडासारखा कडक होतो. वाहक मुलगा मात्र ‘पायात जोरच नाही’ म्हणत बसकण मारतो. पाहणाऱ्याला तो आळस वाटतो.

म्हणून वाहक मुलांना खेळू द्यायचे नाही का? तसे मुळीच नाही. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये स्नायू खराब होण्याचे प्रमाण अधिक आढळले, पण मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. तिथे पाणी, विश्रांती आणि उन्हाची हळूहळू सवय हे नियम सर्वांनाच लागू होते. धडा सरळ आहे: मुलाला वगळू नका, सरावाची पद्धत बदला.

इथेच प्रशिक्षकाच्या वागण्याचा प्रश्न येतो. झेल सुटला म्हणून मैदानाला दहा फेऱ्या, उशीर झाला म्हणून पाणी बंद, ‘एवढ्यात दमलास?’ अशी सर्वांसमोर टर उडवणे. याला शिस्त म्हणतात. प्रत्यक्षात लाजेपोटी मूल त्रास लपवते आणि कोसळेपर्यंत धावते. शिक्षा म्हणून धावायला लावणे क्लबने पूर्णपणे बंद करावे.

पहिले दहा ते चौदा दिवस सराव कमी ठेवून हळूहळू वाढवावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांना पाणी द्यावे, मागण्याची वाट पाहू नये. सकाळी नऊनंतर आणि सायंकाळी पाचपूर्वी खेळ नको. जंगलालगतच्या गावांत मात्र पहाटे अंधारात किंवा तिन्हीसांजेला मुलांनी एकट्याने ये-जा करणे वाघ-बिबट्यामुळे धोक्याचे. पुरेसे उजाडल्यावरच सराव सुरू करावा आणि सोबत मोठी माणसे असावीत. सिकलसेलची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. पण तिचा निकाल मूल, पालक आणि प्रशिक्षक यांच्यातच राहावा, मैदानावर पुकारला जाऊ नये.

कुणी कोसळलेच, तर सावलीत न्यावे, अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. रुग्णालय दूर असलेल्या एटापल्ली-भामरागडसारख्या भागात गाडी येईपर्यंतची ही मिनिटेच जीव वाचवतात.

पालकांनी क्लब निवडताना चषक मोजण्याआधी एक पाहावे: तिथले मूल ‘सर, मी दमलो’ असे न घाबरता म्हणू शकते का?