जुन्या साडीचे चार पदर

पाण्याच्या भांड्यावर बांधलेले गाळणे आपल्या घरांत आजही दिसते. सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी, हा त्यामागचा भाव. अशाच गाळण्याने बांगलादेशातील गरीब खेड्यांत माणसांचेही प्राण राखले.

मतलब नावाच्या तेथील नदीकाठच्या भागात तळ्याचे पाणी प्यावे तर पटकीचे भय, आणि उकळावे तर सरपण दुर्मिळ. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक प्लवक जीवांना चिकटून राहतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांनी ओळखले होते. एकटा जंतू कापडातून निसटतो; पण त्याचा आश्रयदाता अडकतो. म्हणून जुनी सुती साडी चारपदरी दुमडून पाणी गाळण्यास गृहिणींना शिकविण्यात आले. धुऊन धुऊन धागे पिंजारले की कापडाची छिद्रे बारीक होतात, त्यामुळे जुनीच साडी सरस ठरली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. खर्च जवळजवळ शून्य!

मात्र या उपायालाही मर्यादा आहे. त्याच देशात तळ्यांना पर्याय म्हणून खोदलेल्या असंख्य कूपनलिकांच्या पाण्यात पुढे आर्सेनिक आढळले. विरघळलेले विष कापडात अडकत नाही. ते तपासणीनेच कळते. म्हणून पाणपोईस वा विहिरीस दान देताना आपल्या व्यापारी बंधूंनी पाणीतपासणीचा खर्चही त्याच खात्यात मांडावा. निर्मळ पाणी हातात पडले, तरच जलदान सार्थ होते.