श्रवणयंत्र म्हणजे चिलखत नव्हे

सोलापुरातील जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंगगिरजी या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. परंतु शहराच्या पूर्व भागातील आणि अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमागांची खडखड थांबलेली नाही. चादर आणि टॉवेल यांनी या शहरास नावलौकिक मिळवून दिला. तो विणता विणता ज्यांची श्रवणशक्ती गेली, त्या कामगारांचा विचार मात्र क्वचितच होतो. बहिरेपण वयाच्या माथी मारले जाते. फार तर कानाला श्रवणयंत्र येते. ते लावून तोच कामगार पुन्हा त्याच मागांपुढे उभा राहतो. येथेच खरा धोका आहे.

अंतर्कर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. दिवसाकाठी ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ही सुरक्षिततेची सर्वमान्य मर्यादा होय. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती अवघी एक तास उरते. धोट्याच्या मागांच्या कारखान्यात ९० डेसिबलच्या वर आवाज असणे ही नित्याची बाब आहे.

श्रवणयंत्राचे कार्यच मुळी ध्वनी वाढविण्याचे. आधुनिक यंत्रे मोठा आवाज बेताने वाढवितात हे खरे. तथापि बाहेरचा गोंगाट थेट कानात शिरतो, तो त्यांना अडविता येत नाही. यंत्र बंद केले की कान झाकला गेला, ही समजूतही फसवी आहे. कित्येक यंत्रांच्या कानातील भागास हवेसाठी छिद्र असते. कापसाचा बोळा तर जवळजवळ निरुपयोगीच. तेव्हा मागावर जाताना यंत्र काढून कोरड्या डबीत ठेवावे आणि कानात नीट बसणारे इअरप्लग अथवा कानांवर इअरमफ घालावेत, हेच श्रेयस्कर.

मग धोक्याची हाक ऐकू कशी येणार, ही कामगाराची शंका रास्त आहे. तिचे उत्तर मालकाने द्यावयाचे आहे. इशाऱ्याचा दिवा लावणे, यंत्रांना वेळेवर वंगण देणे, पाळी बदलून कानांना विसावा देणे आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी करविणे यांस फार मोठे भांडवल लागत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांतील विणकरांनी तर ओठांच्या हालचालींवर चालणारी बोलीच घडविली होती; खुणांनी काम चालू शकते.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश पुढे झाला. राज्य विमा योजनाही तो व्यवसायजन्य रोग मानते. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याने भरपाई मागावी कोणाकडे? हा प्रश्न शासनाने आणि कामगार संघटनांनी हाती घ्यावयास हवा. श्रवणयंत्र मोडले तर नवे घेता येईल. त्या यंत्राला ज्याचा आधार आहे, ती उरलीसुरली श्रवणशक्ती बाजारात मिळत नाही.