सोयापेंड बंद करण्याआधी

'सोयामुक्त अंडी', 'सोयामुक्त दूध' अशी लेबलं दिसू लागली आणि गोठ्यात, पोल्ट्रीत एकच विचारणा सुरू झाली: सोयापेंड बंद करायची का? करता येते. फक्त आधी काही समजुती तपासून घ्याव्यात.

गैरसमज: सोया टाळलं की जीएम (जनुकीय बदल केलेलं) पीक टळलं.
भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला मान्यता नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला मुभा दिली, ती टंचाईमुळे. उलट सोया सोडून सरकी पेंड घालणारा बहुधा जीएमच घालतो. बीटी या जीएम कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि आज देशातला बहुतेक कापूस बीटीच आहे. लेबलवाले हे सांगत नाहीत.

गैरसमज: सोयातले हार्मोन्स दुधात उतरतात.
सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेनसारखी असली तरी ते प्राण्यांचे हार्मोन नव्हेत. दुधात, अंड्यात त्यांचा अंश येतो, पण सोयाचं पीठ थेट खाल्ल्यावर जेवढा पोटात जातो, त्याच्या तुलनेत तो किरकोळ.

गैरसमज: एक पेंड काढली, दुसरी घातली, झालं.
खरी फसगत इथेच होते. सोयापेंडीत साधारण ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात आणि लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल भरपूर. शेंगदाणा पेंडीत प्रथिनं जवळपास तेवढीच, पण लायसिन कमी. शिवाय ओल लागली की बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, ते अशाच शेंगदाणा पेंडीमुळे. गाईने अशी पेंड खाल्ली तर विषाचा अंश दुधात उतरतो, आणि दूध उकळून तो जात नाही. सरकी पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. मोठी गाय ते बऱ्यापैकी पचवते, कोंबडी नाही, अंड्याचा बलकसुद्धा हिरवट पडतो.

गैरसमज: सोयाशिवाय जनावर खंगतं.
गाईम्हशींच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव स्वतःच प्रथिनं घडवतात. लसूणघास, तुरीची चुनी, थोडी सरकी पेंड असं आंबोण नीट बसवलं तर बहुतेक गाईंचं सोयावाचून अडत नाही. कोंबडीला ही सोय नाही. तिच्या खाद्यात लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं मोजूनच घालावी लागतात, नाहीतर वाढ खुंटते, अंडी घटतात.

तेव्हा गोठ्यात सोया खुशाल सोडा, पण पेंड कोरड्या जागी साठवा. पोल्ट्रीत मात्र पशुआहारतज्ज्ञाकडून सूत्र बसवून घेतल्याशिवाय सोयापेंड बंद करू नका.