एंजिनाला ताप का येतो?

उन्हाळ्यात लोहाऱ्याहून उमरग्याकडे किंवा माकणीकडे जाताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जीप तुम्ही पाहिली असेल. रेडिएटरमधून वाफ येत असते, ड्रायव्हर पाण्याच्या शोधात असतो आणि प्रवासी बाभळीच्या सावलीला उभे असतात. ‘गाडी गरम झाली’ असे सगळेच म्हणतात. पण ताप आला म्हणजे रोग कळला असे नव्हे. डॉक्टर जसा तापाचे कारण शोधतो, तसे एंजिनाच्या तापाचे कारण तुम्हालाही शोधता येईल. त्यासाठी शाळेच्या पुस्तकातील उष्णतेचा धडा आणि थोडे निरीक्षण पुरेसे आहे.

उष्णतेचा प्रवास

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे ८,६०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. तिच्यापैकी साधारण एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. बराचसा भाग धुरावाटे निघून जातो आणि उरलेला भाग एंजिनाच्या धातूत शिरतो. हा भाग एक चतुर्थांश धरला, तरी तेवढ्या उष्णतेत ३० अंश सेल्सिअसचे ३० लिटर पाणी, म्हणजे दोन-अडीच घागरी, उकळीला येईल! सिलिंडरमधील ज्योतीचे तापमान २,००० अंशांच्या आसपास जाते आणि पिस्टनचे अॅल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. ही उष्णता काढून घेतली नाही तर वंगण तेल जळते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि एंजिन जाम होते.

म्हणून सिलिंडरभोवती पाणी खेळविलेले असते. पाण्याचा विशिष्ट उष्मा मोठा असल्याने ते फारसे न तापता पुष्कळ उष्णता सामावून घेते. पंप हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ढकलतो, नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांमधून वारा वाहतो आणि उष्णता हवेला दिली जाते. म्हणजे ज्योत, धातू, पाणी, रेडिएटर व हवा अशी ही साखळी आहे. यातील कोणती कडी तुटली हे शोधणे म्हणजेच निदान.

पहिल्या मोटारींत ही साखळी अपुरी होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन पती कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. त्या गाडीत पाणी वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत ते पुन्हा पुन्हा भरावे लागे. पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीझ मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर तयार केला आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरणे सोयीचे झाले.

झाकणाखाली काय दडले आहे?

आजच्या रेडिएटरचे झाकण हे कुकरच्या झाकणाचे भावंड आहे. पुष्कळ मोटारींत ते आतील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका वातावरणाइतका वाढू देते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास गेले तरी उकळत नाही.

आता समजा, ६ लिटर पाणी १२० अंशांना आहे आणि कोणी झाकण उघडले. दाब एकदम उतरला की पाण्याला १०० अंशांवर यावेच लागते. वरच्या २० अंशांची उष्णता ६,००० × २० = १,२०,००० कॅलरी झाली. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात, म्हणजे सुमारे २२० ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते. एक ग्रॅम वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. म्हणजे जवळजवळ ३७० लिटर वाफ! ती उकळते पाणी बरोबर घेऊन उसळते ती थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून गरम एंजिनाचे झाकण कधीही उघडू नये व दुसऱ्यालाही उघडू देऊ नये. एंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे आणि मोठ्या माणसानेही वरची नळी हाताला गार लागल्यावरच झाकणाला हात घालावा. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतले तर धातू एकदम आकुंचन पावून तडकू शकतो. कोणाला भाजलेच, तर जखमेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. शाई किंवा टूथपेस्ट लावू नये. मग दवाखाना गाठावा.

घरच्या घरी निदान

पहिला प्रश्न असा विचारा : गाडी केव्हा तापते? तुळजापूरच्या यात्रेच्या गर्दीत उभी असताना तापते, पण रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो, असे असेल तर दोष बहुधा पंख्यात किंवा त्याच्या पट्ट्यात आहे. कारण पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उलट सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना किंवा सपाटीवर वेगात असतानाही तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदला असेल, पाणी कमी असेल किंवा पंप नीट चालत नसेल. मळणीयंत्र चालविणाऱ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर बाहेरून भुसकट बसते, हेही पाहावे.

हिवाळ्यात ठीक चालणारी गाडी मे महिन्यातच का तापते? रेडिएटर किती उष्णता देतो हे त्याच्या व हवेच्या तापमानांतील फरकावर ठरते. ९० अंशांचा रेडिएटर आणि २० अंशांची हवा असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ४२ अंशांची झाली की तो ४८ वर येतो. म्हणजे क्षमता जवळजवळ एक तृतीयांशाने घटली! लहानसा दोष अशा वेळी उघडा पडतो.

दुसरी तपासणी थर्मोस्टॅटची. यात मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला, साधारण ८२ ते ९० अंशांना, मेण वितळून फुगते व पाण्याची वाट उघडते. काटा वर गेला तरी रेडिएटरची वरची नळी गारच असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा. तो मेकॅनिककडून काढून घेऊन, पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगून, थर्मामीटर लावून पाणी तापवा. तो उघडताना तुम्हाला दिसेल. ‘आपल्याकडे एवढे ऊन, थर्मोस्टॅट कशाला?’ म्हणून काही जण तो काढूनच टाकतात. ते बरोबर नाही. एंजिन फार थंड राहिले तर इंधन जास्त जाते व झीजही वाढते.

तिसरी तपासणी हीटरची. मोटारीतील हीटर म्हणजे त्याच गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर होय. एंजिन गरम असूनही हीटर गार हवा देत असेल, तर पाणी कमी झाले आहे किंवा नळीत हवा अडकली आहे असा संशय घ्यावा. काटा चढू लागला तर एअर कंडिशनर बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. प्रवाशांना घाम येईल, पण एंजिनाला उष्णता सोडायला आणखी एक वाट मिळेल. तरीही काटा उतरला नाही तर गाडी थांबवावी.

पाणी दर आठवड्याला कमी होते, पण जमिनीवर थेंब पडलेला दिसत नाही. सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येते. वंगण तेल दुधाळ झाले आहे – ही हेड गॅस्केट फाटल्याची लक्षणे आहेत. अशी गाडी पुढे न दामटता मेकॅनिककडेच न्यावी.

बोअरच्या पाण्याची करामत

आपल्या भागातील काळ्या पाषाणातून येणारे विहिरीचे व बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. ते तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने नळ्यांत बसतात. हा थर तांब्याच्या तुलनेत शंभरपटींहूनही कमी उष्णता वाहून नेतो. म्हणजे रस्त्यात भरलेले घागरभर पाणी गाडी घरी आणते खरे, पण तेच रोज भरले तर पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापण्याची तयारी होते. म्हणून शुद्ध केलेले पाणी व कूलंट यांचे कंपनीने सांगितलेले मिश्रण वापरावे. कूलंटमुळे गंज टळतो व उत्कलनबिंदूही वाढतो. मात्र त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व अतिशय विषारी असते. ते उघड्या भांड्यात ठेवू नये की अंगणात ओतू नये. लहान मूल, कुत्रे किंवा वासरू ते चाटू शकते.

तुमच्या घरच्या बंबात किंवा पाणी तापविण्याच्या पातेल्यात असा पांढरा थर असेलच. त्याचा खडा बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड होय. हा प्रयोग बशीतच करा, रेडिएटरमध्ये नको, कारण आम्ल धातूलाही खाते. आणि पुढच्या वेळी कोणी गरम गाडीच्या झाकणाला हात घालताना दिसले, तर ३७० लिटर वाफेचा हिशेब त्याला जरूर ऐकवा.