घर न मोडता

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर पाटस मागे पडले की थोड्याच वेळात कुरकुंभ येते. फिरंगाईमातेच्या नवरात्राकरिता पंचक्रोशीतील माणसे ज्या गावी पिढ्यान्‌पिढ्या येत आली, त्याच गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तेथे येण्याचे कारण पालटले. रसायनांच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे आणि भाड्याच्या एका खोलीत संसार मांडणारे मजूर, गळिताच्या हंगामात टोळीने उतरणारे ऊसतोड कामगार, गुऱ्हाळांवर आणि वीटभट्ट्यांवर सहकुटुंब राहणारी बाहेरगावची माणसे, अशा या वस्तीत भाऊबंदांचा आधार मुळातच विरळ असतो. आणि म्हणून कर्ता पुरुष अपघाताने किंवा आजाराने गेला, व्यसनाने निकामी झाला किंवा तुरुंगात पडला, तर त्या घरातील मुलाचे पुढे काय होणार हा प्रश्न तेराव्याच्या आतच उभा राहतो. मुलगा हमरस्त्यावरच्या एखाद्या ढाब्यावर कपबशा विसळू लागतो, मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू होते, नाही तर आई अंगणवाडीच्या सेविकेला हळूच विचारते, "ताई, पोराला कुठं बोर्डिंगात घालता येईल का?"

या विचारण्याला ह्या तालुक्यात मोठी परंपरा आहे. कुरकुंभच्या पश्चिमेस, दौंड तालुक्यातच असलेल्या केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन वसविले, ते १८९६-९७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर. मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी उपासमारीने मरणपंथास लागलेल्या शेकडो मुली व बालविधवा आणल्या. पुढच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे एक स्वयंपूर्ण गावच त्यांनी उभे केले. ज्यांचे घर दुष्काळाने समूळ नाहीसे केले होते त्यांना दुसरे घर देण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ते काम रमाबाईंनी ज्या जिद्दीने केले तिच्याविषयी मतभेदाला जागा नाही. परंतु पुढे मुंबई इलाख्यात १९२४ चा मुलांचा कायदा झाला, सरकारी व अनुदानित बालगृहे उभी राहिली, आणि आपत्तीच्या काळासाठी योजलेला हा उपाय हळूहळू गरिबीवरचा नित्याचा उपाय होऊन बसला. लोकांच्या तोंडी ज्याला आजही सरसकट 'रिमांड होम' म्हणतात, त्या इमारतींतून राहिलेल्या मुलांपैकी कित्येकांना आई होती, आजी होती, मामा होता. नव्हते ते केवळ महिन्याच्या किराण्याचे पैसे.

ही विसंगती कायद्याच्या ध्यानी येण्यास बराच काळ जावा लागला. बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता १९८९ साली मान्य झाली, भारताने १९९२ साली ती स्वीकारली, आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची असून संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय होय, असे तत्त्व स्पष्ट शब्दांत नमूद केले. तत्त्व उत्तम, पण अखेरच्या उपायाआधीचे उपाय कोणते, याचे उत्तर कोणीतरी रुपयांत आणि माणसांत द्यावे लागते. महाराष्ट्रापुरते ते उत्तर म्हणजे बालसंगोपन योजना.

संस्थाबाह्य संगोपनाची ही योजना राज्यात जुनीच आहे. अनाथ, एकच पालक उरलेली, आईबाप विभक्त झालेली, कर्करोग, कुष्ठरोग किंवा एचआयव्ही यांसारख्या दुर्धर आजाराने ग्रासलेल्या अथवा कारागृहात असलेल्या पालकांची अठरा वर्षांखालील मुले घरीच, अथवा नात्यातल्या घरी, राहावीत म्हणून दरमहा काही रक्कम पालकाच्या हाती द्यावयाची, एवढाच तिचा गाभा. ही रक्कम दीर्घकाळ ४२५ रुपये होती, आणि त्यात एका मुलाचा महिना कसा निघावा अशी मंजुरी देणाऱ्यांची कल्पना होती, हे त्यांचे तेच जाणोत. कोविडच्या साथीने गावोगावी विधवा आणि पोरकी मुले मागे ठेवली, तेव्हा कोठे २०२१ साली ती ११०० झाली. २०२३ साली योजनेस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आणि रक्कम २२५० वर गेली. नाव समर्पक आहे. पुण्यात १८६३ साली जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते विधवेच्या पोटच्या मुलाचा जीव वाचावा म्हणून, आणि तेथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेऊन आपल्या घरी वाढविले.

केंद्राच्या मिशन वात्सल्यात प्रायोजकत्वाची ४००० रुपयांची दुसरी योजना आहे. तिला ग्रामीण भागात वार्षिक ७२,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला सहा हजार. कंत्राटी कामावर नियमित जाणारी विधवाही ती ओलांडते.

बालसंगोपनाच्या अर्जाची रीत कोणत्याही कचेरीतल्या अर्जासारखीच. मृत्यूचा दाखला, रहिवासाचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, बँकेच्या पासबुकाची नक्कल. या सगळ्या कागदांत एक कागद मात्र माझ्या मते दप्तराच्या शिरस्त्याबाहेरचा आहे, तो म्हणजे मुलाचे पालकासह घरासमोर काढलेले छायाचित्र. पत्र्याची भिंत, दारावरचे तोरण, उंबऱ्यापाशी केस विंचरून उभी केलेली दोन मुले, मागे डोक्यावर पदर घेतलेली आजी आणि मोबाईल धरणाऱ्याकडे संशयाने पाहणारा धाकटा, असे ते चित्र असते. सरकारी फायलीत माणसाची छबी एरवी मान आणि खांदे यांपुरतीच येते. येथे घरही पक्षकार म्हणून हजर असते.

परंतु योजनेचा खरा कणा म्हणजे गृहचौकशी. अर्ज कार्यालयात किंवा नेमलेल्या स्वयंसेवी संस्थेकडे रुजू झाल्यावर सामाजिक कार्यकर्ता घरी जातो, आणि त्याच्या अहवालावर पुढचे सारे अवलंबून असते. चांगला कार्यकर्ता घरात शिरताच कागद काढीत नाही. तो चहा घेतो. मूल कोणत्या कोपऱ्यात अभ्यास करते, दप्तर कोठे टांगले आहे, आई पाळीवर गेल्यावर दार कोण लावते, शेजारीण मुलाला नावाने हाक मारते की 'त्यांचा पोरगा' म्हणते, चुलता मायेपोटी आला आहे की मागे राहिलेल्या नुकसानभरपाईवर डोळा ठेवून, या गोष्टी तो बोलता बोलता टिपतो. त्याला आढळलेली अडचण पुष्कळदा पैशाची नसतेच: मृत मजुराचा भविष्य निर्वाह निधी अडकलेला असतो, विधवेचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नसते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तिने केलेलाच नसतो, किंवा मुलगी शाळेत जात नाही त्याचे कारण धाकट्या भावाला सांभाळणे एवढेच असते आणि त्यावरचा उपाय अंगणवाडीत चार पावलांवर असतो. जो कार्यकर्ता ही कामे मार्गी लावतो, तो २२५० रुपयांहून अधिक काहीतरी त्या घरात ठेवून येतो. जो केवळ रकाने भरतो, त्याचा अहवाल व्याकरणदृष्ट्या शुद्ध असतो.

अहवाल जातो बाल कल्याण समितीपुढे. अध्यक्ष व चार सदस्य यांच्या या समितीस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि तिच्या हुकुमाशिवाय पैसा सुटत नाही. समिती बसते पुण्यास. कुरकुंभहून ते अंतर सुमारे ७५ किलोमीटर. म्हणजे रोजंदारीवरच्या बाईचा एक खाडा, दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि मुलाच्या शाळेचा एक दिवस. हुकूम झाला तरी रक्कम दरमहाच येईल असे नाही. पुष्कळदा काही महिने तुंबून ती एकदम खात्यावर जमा होते, आणि मधल्या काळात वाणी उधारीची वही उघडी ठेवतो म्हणूनच पुष्कळांचे चालते. या योजनेच्या हिशेबात त्या वाण्याला स्थान नाही, पण असावयास हरकत नव्हती.

गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असावी अशी तजवीज आहे: सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शिक्षक, आशा. तिचे जेथे चालते तेथे ते बहुधा एकट्या सेविकेच्या बळावर. गर्भार बाईची नोंद, बाळाचे वजन, सहा वर्षांपर्यंतची हजेरी या निमित्ताने घराघरात जाणारी ती एकटीच. कोणाच्या घरी रात्री मारझोड होते आणि कोणाचे पोर दोन आठवडे दिसले नाही, हे तिला कोणत्याही नोंदवहीआधी ठाऊक असते. पण तिचे क्षेत्र गावठाण आणि वाड्यावस्त्या यांपुरते मोजून दिलेले. वसाहतीलगतच्या खोल्यांत तीन महिन्यांपूर्वी आलेले बिऱ्हाड तिच्या यादीत उशिरा येते, आणि मृत्यूचा दाखला बीडकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत, रेशनकार्ड तिसऱ्याच ठिकाणी, अशी ज्यांची दशा असते त्यांचा अर्ज कागदांअभावी पडून राहतो. परप्रांतीय कुटुंबाची गोष्ट तर आणखी अवघड. ज्यांना आधार सर्वांत विरळ, त्यांच्यापाशीच दाखले सर्वांत कमी, आणि योजना मात्र दाखल्यांच्या पायावर उभी. हे कोणाच्या दुष्टाव्याने झालेले नाही. घर म्हणजे एका जागी स्थिर असलेली वस्तू, असे गृहीत धरून ती आखली गेली आहे.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत याच कारणाने दोन निराळ्या वाटा काढाव्या लागल्या. मुलांनी आईबापांबरोबर यावे आणि शाळा त्यांच्यामागे कारखान्यावर यावी, ही साखरशाळांची कल्पना. मुलांनी गावीच आजीआजोबांपाशी राहावे आणि त्यांच्या जेवणाची सोय शासनाने करावी, ही हंगामी वसतिगृहांची. पहिलीत मूल आईजवळ राहते पण शाळा अर्धवट होते. दुसरीत शाळा टिकते, आई सहा महिने दूर. दोन्हींचे समर्थक एकमेकांस पटवीत आले आहेत; माझा कल दुसरीकडे आहे, तोही आजीची तब्येत बरी असेपर्यंतच.

आणखी एक कलम सांगितले पाहिजे. २०१५ च्या अधिनियमाच्या ४६ व्या कलमान्वये बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलास पुढील आयुष्यात स्थिर होण्यासाठी अर्थसाहाय्य देता येते. बालसंगोपनाचे साहाय्यही अठराव्या वर्षीच थांबते. परंतु आजीजवळ राहून बारावी झालेली कुरकुंभची मुलगी कोणत्याही संस्थेतून बाहेर पडलेली नसल्यामुळे त्या कलमाच्या शब्दांत ती बसत नाही. तिने परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करावयाचा झाला, तर समाजकल्याण खात्याच्या शिष्यवृत्तीचा, अर्थात ती त्या प्रवर्गात मोडत असल्यास. आणि त्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला मिळतो पुन्हा दौंडच्या तहसील कचेरीतच.