बंदुकीचा दस्ता, जवसाचे तेल आणि एक चिंधी

शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर घेतलेल्या बंदुका कोकणातील अनेक घरांत आहेत. नळीची निगा लोक ठेवतात, पण लाकडी दस्त्याकडे (उर्दूत कुंदा) फारसे कोणी पाहत नाही. तो हाताच्या घामाने काळवंडतो, पावसाळ्यात फुगतो, वार्निशचे पापुद्रे सुटतात. असा दस्ता तेलावर पुन्हा तजेलदार करणे हे जुने हुन्नर आहे. भांडवल थोडे, मेहनत व सब्र जास्त, असे हे काम आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून सुतार व पॉलिश कारागिरांनी ओळखीच्या माणसाचीही बंदूक आपल्या दुकानात ठेवून घेऊ नये. परवानाधारक दुकानात, मालकाच्या देखरेखीखालीच काम करावे. दस्ता सुटा करण्याचे कामही त्यालाच करू द्यावे.

तेल कोणते?

चांगला दस्ता अक्रोडाचा. आपल्याकडे हे लाकूड काश्मीरचे प्रसिद्ध आहे. ते सहसा वाकत नाही, धक्का सोसते आणि तेल चांगले पिते. मात्र खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल येथे उपयोगाचे नाही. ते वाळत नाही. चिकट राहते आणि धूळ धरते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडात पक्के बसते. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते. पेंटच्या दुकानात मिळणारे बेलतेल म्हणजे वाळवणारी द्रव्ये घातलेले जवसाचे तेल. त्याचा पातळ हात साधारण एका दिवसात वाळतो. लालसर झाक हवी असल्यास तेलात रतनजोत भिजवून गाळून घ्यावी. इंग्लंडचे बंदूक कारागीरही याच जातीचे मूळ तेलात घालत आले आहेत.

कामाची रीत

जुने वार्निश रिमूव्हरने काढावे, काचेने खरवडू नये. दबलेल्या जागी ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवावी; वाफेने दबलेले लाकूड वर येते, पण तुटलेले येत नाही. मग रेषांच्या दिशेने 150, 220 आणि 320 नंबरचा पॉलिश पेपर मारावा. शेवटी लाकूड किंचित ओले करून वाळवावे आणि उभी राहिलेली कुसे पुन्हा घासावीत. पकडीवरील जाळीदार नक्षीला पेपर लावू नये. लोखंडाला भिडणाऱ्या कडाही घासू नयेत, नाहीतर लाकूड लोखंडापेक्षा खाली जाते आणि सांधा बिघडतो.

तेलाचे चार थेंब तळहाताने ऊब येईपर्यंत चोळावेत. पंधरा-वीस मिनिटांनी वरचे तेल पुसून काढावे. पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. असे आठ-दहा हात लागतात, पावसाळ्यात वेळ आणखी लागतो. घाईने जाड थर दिला तर वर साय धरते आणि आत ओले राहते. म्हणून मजुरी तेलावर नव्हे, दिवसांवर ठरवावी.

पुसलेली चिंधी

आमचा धंदा कापडाचा, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. दस्त्यावरून ती हवेत निघून जाते, पण चुरगळून टाकलेल्या सुती चिंधीत ती कोंडते. काही तासांत चिंधी आपोआप पेटू शकते. विडी नको, ठिणगी नको. 23 फेब्रुवारी 1991 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला अशाच चिंध्यांमुळे आग लागली. लाकडी कामाला तेल देणाऱ्यांनी त्या 22 व्या मजल्यावर ठेवल्या होत्या. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात मृत्युमुखी पडले. ती इमारत पुढे पाडावी लागली.

आपल्याकडे पॉलिशवाले आणि कापडवाले अनेकदा एकाच गल्लीत, शेजारी-शेजारी असतात. कतरणीच्या पोत्यात पडलेली एक तेलकट चिंधी सगळ्यांचा माल घेऊन जाईल. उपाय फुकटचा आहे. चिंधी उलगडून बाहेर, मोकळ्या हवेत एकेरी वाळत घालावी. ती कडक झाली की टाकावी. नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावी. हे केल्याशिवाय संध्याकाळी दुकानाला कुलूप लावू नये, आणि हाताखालच्या पोरालाही पहिल्या दिवशीच हे शिकवावे.