दाराची काच वर न आल्यास

हैदराबाद येथील सुलतान बाजार मराठवाड्यास परका नाही. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अमलाखालील ही पेठ १९३३ साली निजाम सरकारकडे परत आली व तिला आजचे नाव मिळाले. मराठवाडाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी नांदेडकडील एखादे कुटुंब आज स्वतःच्या गाडीने येथे येते, गर्दीच्या गल्लीबाहेर गाडी उभी करते आणि नेमकी तेव्हाच बटनावर चालणारी दाराची काच खाली जाऊन बसते. आभाळ भरलेले, गाडीत कापडाचे गठ्ठे! अशा घाईत संपूर्ण यंत्रणा बदलून घेण्याचा सल्ला सहज मानला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा एखाद्या लहान भागातच असतो.

अम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाडीत काच हाताने दांडा फिरवून वर घ्यावी लागे. आता तेच काम बारा व्होल्टची छोटी मोटर करते. तिच्या दंतचक्रास जोडलेली पोलादी तार, अथवा कात्रीसारखे दोन दांडे, काच वरखाली नेतात. या सांगाड्यास मिस्त्री ‘रेग्युलेटर’ म्हणतात.

बटन दाबून कान द्यावा. मोटरचा आवाज येतो, पण काच हलत नाही, तर तार तुटली असावी किंवा काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा मोडला असावा. मोटर बहुधा शाबूत असते. आवाजच नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा, नंतर बटन, आणि त्यानंतर दार व गाडी यांमधील रबरी नळीतील वायर. दार उघडता-मिटता ती आतल्या आत तुटते. फ्यूज वारंवार जळतो म्हणून अधिक क्षमतेचा बसविणे हा उपाय नव्हे. त्याने वायर तापून आग लागू शकते. काच केवळ रखडत असेल तर तिच्या कडेच्या रबरी खाचांतील धूळ काढून सिलिकॉनचा फवारा मारल्याने काम भागते.

तात्पुरती सोय म्हणून एकाने बटन दाबावे व दुसऱ्याने काच दोन्ही तळव्यांत धरून वर ओढावी. वर आलेली काच रुंद चिकटपट्टीने चौकटीस बांधावी.

दार उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. दारात सुरक्षा-पिशवी किंवा तिचे संवेदक असल्यास काम अधिकृत कार्यशाळेकडेच द्यावे. मुठीमागील लपलेले स्क्रू काढल्यावर आतील पॅड क्लिपांतून सुटते. त्यामागील प्लॅस्टिकचा पडदा फाडू नये. पावसाचे पाणी तोच अडवितो, आणि घाईच्या दुरुस्तीत बहुधा त्याचाच बळी जातो. कात्रीच्या प्रकारात मोटर काढण्याआधी काच व दांडे पक्के बांधावेत, कारण स्प्रिंगच्या जोराने दांडा फिरून बोटे सापडतात.

नवा भाग बसविल्यावर, पॅड लावण्याआधी, काच दोनतीनदा वरखाली करून पाहावी. एकदाच बटन दाबल्याने आपोआप वर जाणारी काच असल्यास तिची वरची व खालची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा नोंदवावी लागते. ही नोंद राहिल्यास अडथळा आल्यावर काच थांबेल याचा भरवसा नसतो, व मागील आसनावरील मुलाचा हात अथवा मान तिच्यात सापडू शकते. तोपर्यंत चालकाजवळील बटनाने मागील काचा बंदच ठेवाव्यात.